पंचवीसच्या पुढे

“बाई, हे लई बोलतंय बगा. तुमाला तरास व्हईल.”

नागमणी येमूल बालवाडीच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. कमरेवर विड्यांचं सूप, सुपात कारखान्यातून नुकतीच आणलेली पानं आणि तंबाखूची पुडी, दुसऱ्या हाताला पाच वर्षांची लावण्या. मी “आत या” म्हटलं तरी ती आत आली नाही. चपला मात्र तिनं काढून ठेवल्या होत्या, बाहेर उभं राहायचं असूनसुद्धा.

लावण्या आत शिरली, फळ्यापाशी गेली आणि तिथं बसलेल्या मुलांना काहीतरी सांगू लागली. तेलुगूत, हातवारे करून, डोळे मोठे करून. दोन मिनिटांत सगळी मुलं तिच्याभोवती. माझ्या हातातला खडू हातातच राहिला.

“काय सांगतेय ही?” मी राजम्माला विचारलं. राजम्मा माझी मदतनीस. सुकडी शिजवायची, मुलांची नाकं पुसायची, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायकांचं बोलणं मला समजावून द्यायची.

“खारीची गोष्ट हाय बाई,” राजम्मा हसत म्हणाली. “विडीची पानं जंगलातनं येतात न्हवं? तर गठ्ठ्यात झोपून एक खार सोलापूरला आली म्हणं. आता ती परत जायाची वाट हुडकतीय. हिच्या आईनंच रचलीया. रोज पानं कापताना पुढचं सांगती.”

“छान,” मी म्हणाले. “पण इथं मराठी.”

हे एक्याण्णव साल. माझं वय तेव्हा अडतीस आणि नाकावर माशी बसू न देण्याचा माझा स्वभाव अगदी ऐन भरात होता. ढवळेबाईंची बालवाडी म्हटलं की पूर्व भागात लोक मान हलवायचे. कारण एकच. पेठेतल्या मोठ्या शाळेत पहिलीला चाळीस मुलं घ्यायचे, मुलाखत घेऊन, आणि बारा वर्षांत मी पाठवलेलं एकही मूल तिथून प्रवेशावाचून परत आलं नव्हतं. त्या शाळेत गेलेल्या मुली दहावीपर्यंत पोचायच्या. बाकीच्या गल्लीतल्या शाळेत जायच्या, आणि तिसरी-चौथीत कधीतरी एक दिवस सूप मांडीवर घेऊन आईशेजारी बसलेल्या दिसायच्या. पुन्हा उठायच्या नाहीत.

नागमणीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर आली होती.

“हिला सुपाशी बसवायचं न्हाई मला,” ती म्हणाली. “तुमी म्हणाल तसं करते. काय पण सांगा.”

काय पण सांगा. एवढा विश्वास कुणी टाकला की माणसानं खरं तर घाबरायला हवं. मला त्या वेळी बरं वाटलं.

जुलैत मी मुलांना चिंचोके मोजायला दिले. लावण्या भरभर मोजत होती. ओकटी, रेंडू, मूडू... बारा वर्षांत तेवढं तेलुगू मला कळायला लागलं होतं. पंचवीसपर्यंत आली, एक चिंचोका बाजूला ठेवला आणि पुन्हा एकपासून सुरुवात. परत पंचवीस, परत एक बाजूला.

“पंचवीसच्या पुढे काय, लावण्या?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, बाजूला ठेवलेल्या दोन चिंचोक्यांकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा एकपासून लागली.

“बाई, जुड्या बांधतंय ते,” राजम्मा मागून म्हणाली. “पंचवीस विड्यांची एक जुडी. आई तशीच मोजती, हिनं बघितलंय.”

“जुड्या कारखान्यात,” मी म्हणाले. “इथं पंचवीसच्या पुढे सव्वीस.”

मी चिंचोके एकत्र केले आणि तिला मराठीतून पहिल्यापासून मोजायला लावलं. तिला एक ते दहा यायचे, पुढे अडखळायची. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा रडली. त्याच संध्याकाळी मी नागमणीला बोलावून घेतलं.

नागमणी तशी कमी हुशार बाई नव्हती, हे इथंच सांगून टाकते. कारखान्यात तपासनीस एकेक जुडी सोडून बघायचा, वाकडीतिकडी विडी फेकून द्यायचा. नागमणीच्या जुड्या तो सोडतसुद्धा नसे. गल्लीत कुणाचं भांडण असो, कुणाच्या बाळंतपणाची घाई असो, बायका हिच्याच दारात यायच्या, आणि ही हात न थांबवता त्यांना उपाय सांगायची. राजम्मा म्हणायची, नागमणी बोलायला लागली की गल्लीतले यंत्रमागसुद्धा गप ऐकतात. पण माझ्यासमोर आली की तिचे हात पदरात जायचे आणि मान खाली. ती तीन यत्ता शिकलेली, त्याही तेलुगूत. मी डी.एड. झालेली.

“घरी तुम्ही हिला शिकवता?” मी विचारलं.

तिचा चेहरा उजळला. “होय बाई. मोजायला शिकवते, गोष्ट सांगते, पानाचा आकार...”

“शिकवू नका.”

तिनं हात पुन्हा पदरात घेतले.

“तुम्ही शिकवलेलं पुसून काढायला मला दुप्पट वेळ लागतो. एप्रिलमध्ये मुलाखत आहे. तिथल्या मोठ्या बाई मराठीत विचारणार, मराठीत उत्तर हवं. घरात तेलुगू बंद करा. हिच्याशी मराठीतच बोलायचं.”

“मला मराठी नीट येत न्हाई की ओ बाई. चुकतंय.”

“चुकीचं तर अजिबात बोलू नका, ती तेच उचलेल.”

“मग?”

“मग कमी बोला,” मी म्हणाले आणि हसले. घरी जायची घाई होती, दळण न्यायचं राहिलं होतं. नागमणी हसली नाही. तिनं मान डोलावली, सूप उचललं आणि लावण्याचं बोट धरून गेली. मी तिच्यामागे दाराला कुलूप लावलं.

त्यानंतर वर्ग शांत झाला. लावण्या हाताची घडी घालून बसायची. खारीची गोष्ट बंद झाली. मी फळ्यावर काढलेलं ती पाटीवर तंतोतंत काढायची, रेष इकडची तिकडे नाही. कवितेच्या वेळी ओठ हलवायची, आवाज मात्र ऐकू यायचा नाही. पंचवीस मुलांच्या गलक्यात एका मुलीचा आवाज ऐकू येत नाही, हे कुणाच्या लक्षात येतं? माझ्या आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं, आणि मला ते वळण लागल्यासारखं वाटलं.

राजम्मानं एकदा विषय काढला. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. सुकडीचं पातेलं घासता घासता म्हणाली, “बाई, नागमणीच्या घरात आवाज न्हाई राहिला.”

“म्हणजे?”

“ती बोलतच न्हाई पोरीशी. शेजारणी घरी आल्या की त्यांनाबी गप बसवती. म्हणती, बाईनी सांगितलंय. बरं न्हाई वाटत ते. तुमी एक शब्द सांगा की तिला.”

“तिला कळतंय तिच्या मुलीचं,” मी म्हणाले. “तू पातेलं घास.”

मार्चमध्ये शाळेच्या अर्जासाठी जन्माचा दाखला हवा होता, म्हणून मी स्वतःच त्यांच्या घरी गेले. गल्लीत दुपारची वेळ. प्रत्येक दारात तीन-चार बायका सुपं घेऊन बसलेल्या, कात्र्यांचा आवाज, मागून यंत्रमागांची खडखड, आणि त्यावर ताण म्हणून बायकांचं मोठमोठ्यानं बोलणं, हसणं. नागमणीचं दार लोटलेलं होतं.

मी दार ढकललं. मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. नागमणीच्या बोटांत विडी वळत होती. तिनं डाव्या हाताचं एक बोट उचललं, लावण्यानं दोरा दिला. दोन बोटं उचलली, लावण्यानं ओलं फडकं सारलं. कोनाड्यात ट्रान्झिस्टर लावलेला होता, त्यावर कुणीतरी कांद्यावरच्या किडीविषयी शुद्ध मराठीत माहिती देत होतं.

मला बघून नागमणी उठली. घाईघाईनं ट्रान्झिस्टर बारीक केला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी अजून विसरलेले नाही.

“आठ महिने झाले बाई,” ती म्हणाली. “एक शब्द न्हाई बोलले तेलुगूत. पोरगी रडली, आजारी पडली, तरी न्हाई. रेडिओ आणला. बरोबर मराठी पडतंय कानावर दिवसभर.”

“आणि तुम्ही?”

“मी बोलले तर चुकतंय न्हवं? म्हणून नकोच.” तिनं लावण्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “लई जड गेलं बाई. पहिल्यांदा पहिल्यांदा हे खारीचं विचारायचं सारखं, माझं तोंड धरायचं दोन हातांनी. आता न्हाई विचारत. लागली सवय.”

लावण्या माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं, “काय गं, काय चाललंय?” तिनं आईकडे पाहिलं. आईनं एक बोट उचललं. लावण्या उठली आणि मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे आता शाळेतल्या पोरालाही कळेल. मी पाणी प्यायले. दाखला घेतला. आणि नागमणीला म्हणाले, “शाबास.”

हा शब्द मी परत घेऊ शकले असते तर बाकी काही परत मागितलं नसतं.

मुलाखत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. माझी सहा मुलं होती. मोठ्या बाई भल्या होत्या, उगाच कुणाला घाबरवणाऱ्या नव्हत्या. पाच मुलं पाच-पाच मिनिटांत झाली. लावण्या शेवटची. नागमणीनं तिला नवा फ्रॉक घातला होता, वेण्यांना अबोलीची फुलं. स्वतः मात्र दारातच उभी. शिपाई बसा म्हणाला तेव्हा कुठं खुर्चीच्या कडेला टेकली.

“तुझं नाव काय बाळ?”

लावण्यानं आईकडे पाहिलं.

“बरं. हा कुठला रंग? हे कुठलं फळ? घरी कोण कोण आहे?”

काही नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुढे वाकल्या, गोडीत विचारलं, खडीसाखर दिली. लावण्यानं खडा मुठीत धरून ठेवला.

“ढवळेबाई, ही बोलते ना?”

“बोलते तर,” मी म्हणाले. “जरा बुजलीय.”

“आई, तुम्ही विचारा बरं तिला काहीतरी. घरी विचारता तसं.”

नागमणीनं तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती. मला ते लख्ख कळलं. मी नुसतं “तेलुगूत विचारा” म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण अर्जावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, घरची भाषा मराठी. बारा वर्षांत एकही मूल परत आलं नव्हतं. मोठ्या बाईंसमोर माझं लिहिलेलं खोटं ठरलं असतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. नागमणीनं तोंड मिटलं.

“असू दे,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी मण्यांची पेटी लावण्यापुढे ओतली. “हे मोज बघू. बोलू नकोस, नुसतं मोज.”

लावण्याचे हात हलले. मी तिला इतकं जिवंत कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. बोटं नुसती पळत होती. एक ढीग, दुसरा ढीग, तिसरा, चौथा. सगळे मणी संपले. तिनं हात मागे घेतले.

“किती झाले?”

लावण्यानं चार बोटं वर केली.

मोठ्या बाईंनी पेटीच्या झाकणावरचा आकडा मला दाखवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “शंभर मणी आहेत हो. ही चार म्हणते.”

चार जुड्या. पंचवीस-पंचवीसच्या चार. एकही मणी न चुकता. त्या खोलीत हे तिघींनाच माहीत होतं, आणि त्यांतली एक मी होते. नागमणी खुर्चीतून अर्धी उठली होती, डोळे माझ्यावर. तिला सांगता येत नव्हतं, म्हणजे तिनं न सांगण्याचं व्रतच घेतलं होतं, आणि ते मी दिलं होतं.

मी म्हणाले, “हो, मोजणी थोडी कच्ची आहे तिची.”

मोठ्या बाईंनी कागदावर लिहिलं, शाळेसाठी तयारी नाही, घरी पालकांनी लक्ष द्यावे. ते वाचून दाखवलंसुद्धा. “आई, घरी लक्ष द्या हं थोडं. नुसतं शाळेवर सोडून चालत नाही. पुढच्या वर्षी आणा.”

बाहेर कडुलिंबाखाली नागमणी थांबली. “माझी काय चूक झाली बाई?” तिनं विचारलं. “कुठं बोलले का मी? एकदा तापात हिच्यासमोर अम्मा म्हटलं होतं. त्यानं झालं काय?”

“पुढच्या वर्षी बघू,” मी म्हणाले आणि माझ्या पाच मुलांना घेऊन रिक्षात बसले.

पुढच्या वर्षी ती आली नाही. राजम्मा सांगायची ते मी एका कानानं ऐकायची. लावण्याला गल्लीतल्या शाळेत घातलं. तिथल्या गुरुजींनी ही मुकी आहे म्हणून दवाखान्यात पाठवलं. दवाखान्यात कान चांगले निघाले, जीभ चांगली निघाली. नागमणीला कुणीतरी म्हणालं की आता तरी बोल बाई तिच्याशी. ती म्हणाली, मी एकदा बिघडवलंय, परत नाही. दुसरीत लावण्याची शाळा सुटली. ती सुपाशी बसली तेव्हा आठ वर्षांची होती. पुढे बाहेरच्यांशी कामापुरतं बोलायला लागली, तेही रेडिओतल्यासारखं मराठीत. तिच्या जुड्या, म्हणे, तपासनीस सोडतसुद्धा नाही. राजम्मा हे सांगताना माझ्याकडे बघायची नाही.

मी निवृत्त झाले, पुरस्कारही मिळाला. दोन हजार सोळाच्या डिसेंबरात त्याच भागातल्या एका संस्थेनं पालक मेळाव्याला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, मुलांच्या शिक्षणात आईवडिलांचा वाटा. मांडवात बायका बसल्या होत्या. मी पहिल्या रांगेत चहा घेत होते, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

“बाई, मी लावण्या. नागमणीची.”

आवाज बारीक, पण स्वच्छ. तीस वर्षांची बाई. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी. तिच्या कडेला चार वर्षांची मुलगी, मुलीच्या हातात मोबाइल, मोबाइलमधून कुणीतरी रंगांची नावं सांगत होतं. मुलीनं वर पाहिलं नाही.

“आई कशी आहे?” मी विचारलं.

“गेली बाई. दोन वर्षं झाली. शेजारणींपाशी तुमचं नाव घ्यायची.” ती शब्द एकेक उचलून मांडल्यासारखी बोलत होती. “म्हणायची, बाईंनी बरोबर सांगितलं होतं, मीच कुठंतरी चुकले.”

मी चहा अर्धाच टाकून कप ठेवायला जागा शोधू लागले. तिनं तो घेऊन खुर्चीवर ठेवला.

“ही माझी मुलगी, बाई. मी तेव्हाची चूक करत नाही. मी काहीच शिकवत नाही हिला. बोलत पण नाही. मोबाइल लावून देते. त्यात सगळं बरोबर असतं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघत, अगदी नागमणीसारखी मान खाली घालून, “बरोबर करते ना मी?”

“नाही,” मी म्हणाले. पंचवीस वर्षं उशिरा तो शब्द माझ्या तोंडून निघाला. “लावण्या, चूक माझी होती. तुझ्या आईची नव्हती. त्या दिवशी तू शंभर मणी बरोबर मोजले होतेस, मला माहीत होतं. बोल हिच्याशी. तेलुगूत बोल, चुकीचं बोल, काहीही बोल. तुझी आई खारीची गोष्ट सांगायची, ती सांग.”

“कुठली खार?” लावण्यानं विचारलं.

“पानांच्या गठ्ठ्यातून आलेली. तू आख्ख्या वर्गाला सांगितली होतीस.”

तिनं आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. मग मान हलवली.

“मला नाही माहीत बाई. आई घरात बोलायची नाही.”

व्यासपीठावरून माझं नाव पुकारलं. आदरणीय ढवळेबाईंनी मार्गदर्शन करावं. टाळ्या वाजल्या. मी उठले, तेव्हा लावण्यानं माझा हात धरला. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारायची लाज वाटत होती, हे दिसत होतं.

“बाई,” ती म्हणाली, “पोरांशी काय बोलतात?”

माइकवाल्यानं माझं नाव पुन्हा घेतलं.